तलवारीने घेतलेली बेटे
(मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा व वसमत ह्या भागांत हिंडणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस आठवडेबाजारात किंवा एस. टी.च्या थांब्यावर एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. तो असा की, ‘तुमचा धर्म परक्या राजाच्या तलवारीबरोबर ह्या देशात आला, हे खरे ना?’ ह्यावर कोणी रागावून ‘मुळीच नाही’ म्हणतो, आणि कोणी खाली मान घालून निघून जातो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात सत्याचा लोप होतो, व दुसऱ्यात विश्वासाचा. ज्यास साक्ष द्यावयाची आहे त्याने आधी हकीकत नीट जाणली पाहिजे. म्हणून ह्या धड्यात आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील काही बेटांचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

१. ही बेटे कोणती?

कयाधू नदीस पूर आला म्हणजे दोन धारांच्या मध्ये एखादा उंचवटा कोरडा राहतो, आणि त्यावरील माणसांस गावाशी संबंध ठेवण्यास होडीवाचून उपाय राहत नाही. बेट म्हणजे असाच भूभाग, परंतु त्याच्या भोवतालचे पाणी कधी ओसरत नाही. आज जे मुंबई शहर आपण एकसंध पाहतो ते पूर्वी सात लहान बेटांचे होते: मुंबई, माझगाव, परळ, माहीम, वरळी, कुलाबा व धाकटा कुलाबा. त्यांच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट. त्यात सहासष्ट गावे होती म्हणून त्यास साष्टी हे नाव पडले, असे सांगतात. ठाणे, वांद्रे व बोरिवली ही ठिकाणे ह्याच बेटावर आहेत. साष्टीच्या उत्तरेस खाडीपलीकडे वसई. ह्या सर्व मुलखात कोळी, आगरी, भंडारी, कुणबी वगैरे लोक भातशेती, मासेमारी, मिठागरे व नारळीच्या बागा ह्यांवर निर्वाह करीत. दक्षिणेस गोमंतकातही तिसवाडी, दिवाडी व चोडण अशी बेटे आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साष्टीवरील ठाणे शहरात १३२१ च्या सुमारास नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओदोरिक नावाच्या इटालियन साधूने लिहून ठेविले आहे. मलबारात तर सुरियानी ख्रिस्ती मंडळ्या त्याहूनही कित्येक शतके आधीपासून नांदत होत्या. त्यांच्या पाठीशी युरोपातील कोणाही राजाचे आरमार नव्हते. अर्थात, ख्रिस्ताचे नाव ह्या किनाऱ्यास परक्या तोफेच्याही आधी ठाऊक होते.

२. युरोपातील दोन राज्यांचा लोभ

आता थोडे दूर पाहू. आफ्रिकेच्या वायव्येस कॅनरी नावाची बेटे आहेत. ती जिंकण्याचे काम कॅस्टिल, म्हणजे पुढील स्पेन, ह्या राज्याच्या नावाने १४०२ मध्ये सुरू झाले व १४९६ मध्ये तेनेरीफ बेट पडल्यावर पुरे झाले. तेथील मूळ रहिवाशांजवळ लोखंडाची हत्यारे नव्हती. तरीही त्यांनी सुमारे शंभर वर्षे झुंज दिली. शेवटी पुष्कळ मेले, पुष्कळ गुलाम म्हणून विकले गेले, व उरलेले जेत्यांत मिसळून गेले.

१४९४ मध्ये स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन राज्यांनी तोर्देसिलास येथे तह करून अटलांटिक महासागरात एक रेघ कल्पिली, आणि तिच्या पश्चिमेचे प्रदेश स्पेनचे व पूर्वेचे पोर्तुगालचे असे ठरविले. ज्यांचे प्रदेश वाटून घेतले त्यांस कोणी विचारले नाही. दोन भावांनी तिसऱ्याचे शेत आपसांत वाटून घ्यावे, आणि शेतकऱ्यास त्याची वार्ताही नसावी, तसा हा प्रकार झाला.

ह्या वाटणीप्रमाणे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याकडे आले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतास पोहोचला. स्पेनचे लोक पश्चिमेकडून पृथ्वीस वळसा घालून पूर्वेकडील एका बेटसमूहास पोहोचले. त्यांचा नायक मॅगेलन १५२१ मध्ये माक्तान बेटावर लापुलापु नावाच्या सरदाराशी लढताना मारला गेला. परंतु १५६५ मध्ये लेगास्पी हा नवे आरमार घेऊन आला, १५७१ मध्ये मनिला शहर स्पेनची राजधानी झाले, आणि त्या बेटांस राजा फिलिप ह्याच्या नावावरून फिलिपाईन्स हे नाव मिळाले. तेथे स्पेनचा अंमल १८९८ पर्यंत टिकला.

३. आपली बेटे हातची कशी गेली?

मूठभर परक्यांनी एवढा किनारा कसा घेतला, हा प्रश्न वाचक विचारतील. ह्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण आपल्या राज्यकर्त्यांमधील वैर. आल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यातील गोवे घेतले, तेव्हा तिमोजी नावाचा एतद्देशीय नायक त्यास साह्य झाला. पहिल्यांदा घेतलेले शहर त्याच वर्षी पोर्तुगीजांस सोडावे लागले. परंतु २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्यांनी ते पुन्हा घेतले, आणि त्या वेळी शहरातील मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल केली. उत्तरेकडेही तसेच झाले. वसई व साष्टी ही गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याच्या राज्यात होती. त्याच्यावर मोगल बादशहा हुमायून चालून येत होता. एका शत्रूच्या भयाने त्याने दुसऱ्याशी तह केला, व डिसेंबर १५३४ मध्ये वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांस देऊन टाकिली. हा तह एका पोर्तुगीज जहाजावर झाला. पुढे १५३७ मध्ये दीव येथे पोर्तुगीजांच्याच भेटीस गेला असता बहादूरशहा मारला गेला.

दुसरे कारण आरमार. ज्याच्याजवळ तोफांची जहाजे त्याचाच समुद्र, अशी स्थिती झाली. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून व्यापाऱ्याचे गलबत बाहेर पडू शकत नसे. १५३४ च्या तहात तर तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस येऊन परवाना घ्यावा, असे एक कलमच होते.

तिसरे कारण किल्ले. खाडीच्या तोंडाशी दगडी कोट बांधिला, आणि बेटाची नाकेबंदी झाली. वसईचा कोट आजही उभा आहे.

ह्या साऱ्या घडामोडीत साष्टीच्या भातशेतात राबणाऱ्या कुणब्यास किंवा माहीमच्या कोळ्यास कोणी एक शब्दही विचारला नाही. एका राजाने सही केली व दुसऱ्याने मोहोर लाविली, आणि तिसऱ्याची भूमी गेली. येथे आमच्या उपदेशकांनी १ राजे ह्या पुस्तकाचा २१ वा अध्याय वर्गात वाचून घ्यावा. अहाब राजास नाबोथाचा मळा हवा होता. पत्रे लिहिली गेली, त्यांवर राजाची मोहोर पडली, आणि सर्व काही रीतसर झाल्यासारखे दिसले. तरीही एलीया संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर जाऊन त्या कृत्यास त्याचे खरे नाव दिले. देवाच्या माणसाचे काम एलीयाचे. मोहोर उमटविणाऱ्याचे नव्हे. हे माप हाती घेऊन पुढील हकीकत वाचावी.

४. भूमीनंतर मनावर अंमल

भूमी हाती आल्यावर तेथील गावे पोर्तुगीज सरदारांस व अधिकाऱ्यांस ठराविक सारा भरण्याच्या बोलीने वाटून देण्यात आली. मुंबईचे बेट काही काळ गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे होते. हिंदुस्थानातील औषधींवरील त्याचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. जो शेतकरी पूर्वी सुलतानाच्या अंमलदारास सारा देई, तो आता नव्या धन्यास देऊ लागला.

राजाबरोबर धर्मोपदेशकही आले. त्यांच्यात रोग्यांची शुश्रूषा करणारे व शाळा घालणारे पुष्कळ होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु राज्यसत्तेने धर्मप्रसार आपल्या हाती घेतला, आणि तेथे अनर्थ झाला. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे प्राचीन शैव लेणे फ्रान्सिस्कन साधूंनी ख्रिस्ती देऊळ करून टाकिले. तिसवाडी बेटावरील देवळे १५४० नंतर पाडण्यात आली, व गोव्याच्या साष्टी महालातील १५६७ मध्ये. त्या काळात लोकांनी कुशस्थळीचा मंगेश खाडीपलीकडे प्रियोळास नेऊन ठेविला. १५५९ च्या एका हुकुमाने पोरकी हिंदू मुले ख्रिस्ती म्हणून वाढविण्यासाठी ताब्यात घ्यावी, असे ठरले. १५६० मध्ये इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय गोव्यात स्थापन झाले. मध्यंतरीची चार वर्षे सोडिली तर ते १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने जुना एखादा रिवाज पाळला, तरी तेथे त्यास शिक्षा होई. १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली कोंकणी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असाही हुकूम निघाला.

जबरीने जबरी वाढते, ह्याचे उदाहरण कुंकळ्ळी गावात दिसले. जुलै १५८३ मध्ये तेथील संतप्त गावकऱ्यांनी पाच जेझुइट धर्मोपदेशकांस ठार मारिले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावच्या प्रमुखांस बोलणे करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले, व तेथे त्यांचा वध केला. ह्या दोन्ही कृत्यांत ख्रिस्ताचा आत्मा कोठेच दिसत नाही. शत्रूचा कान कापणाऱ्या पेत्रास प्रभूने तलवार म्यानात घालण्यास सांगितले होते, हे मत्तयाच्या २६ व्या अध्यायात व योहानाच्या १८ व्यात सर्वांनी वाचलेच आहे.

५. त्याच भूमीवरील दुसरे काम

आता ह्याच्या उलट बाजूचे एक चित्र पाहावे. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, व १६१९ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ त्याच साष्टी महालात राहिला. त्याने लोकांची भाषा आत्मसात केली. तीत त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचिले, आणि ते १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. पुराण ऐकण्याची ज्यांस सवय होती, त्यांस त्याने ओवीतच प्रभूची कथा सांगितली. हुकुमाने लोकांची बोली बंद करणारे राज्य आणि त्यांच्याच भाषेत गाणारा हा मनुष्य, ही एकाच सत्तेच्या छायेतील दोन टोके होत. १६८४ च्या हुकुमानंतरही कोंकणी जिवंत राहिली, आणि क्रिस्तपुराण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सन्मानाने नोंदले गेले आहे.

दुसरे नाव वसईच्या गोन्सालो गार्सियाचे. त्याचा बाप पोर्तुगीज व आई वसईची होती. तो दीक्षित पाळक नव्हता. आमच्या गावोगावच्या उपदेशकांप्रमाणे तोही तरुणपणी जपानात धर्मशिक्षणाच्या कामी साह्य करीत असे, व पुढे काही काळ त्याने व्यापारही केला. नंतर तो मनिलास गेला, आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. त्या काळी वसई व मनिला एकाच राजाच्या होत्या, कारण १५८० ते १६४० ह्या साठ वर्षांत स्पेनचा राजाच पोर्तुगालच्याही गादीवर होता. जपानी भाषा येत असल्यामुळे १५९३ मध्ये गोन्सालो स्पॅनिश वकिलातीबरोबर दुभाषी होऊन जपानास गेला.

१५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्या जहाजावरील सुकाणूच्या अधिकाऱ्याने, आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो व मागून सैन्य, अशा अर्थाची फुशारकी मारिली, असे सांगतात. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी आधीच संशयी होता, तो खवळला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती जनांस क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत वसईचा गोन्सालो होता. ज्याने कधी एक बेटही जिंकिले नाही, त्यास राजाच्या बेटे जिंकण्याच्या लौकिकामुळे मरावे लागले. आज बाजारात आमच्या बंधूंस जो प्रश्न ऐकावा लागतो, तोच त्या दिवशी गोन्सालोच्या जिवावर बेतला. आमच्या दृष्टीने ह्या सर्व इतिहासात ह्याहून हृदयद्रावक गोष्ट दुसरी नाही.

६. तलवार गेली; काय उरले?

पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहाने, १६६१ मध्ये, मुंबई इंग्लंडच्या राजास द्यावयाचे ठरले, व १६६५ मध्ये तिचा ताबा इंग्रजांकडे गेला. वसई व साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, आणि चिमाजी आप्पांनी मोठ्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसई सर केली. विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा काढून नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच, असे मानितात. लेण्याचे चर्च झाले होते. आता चर्चची घंटा देवळात गेली. राज्ये बदलली म्हणजे दगड व धातू असेच इकडून तिकडे जातात.

परंतु एक नवल झाले. पोर्तुगीज अधिकारी व बहुतेक परकी साधू जहाजांत बसून निघून गेले, तरी वसई-साष्टीचे ख्रिस्ती कोळी व शेतकरी तेथेच राहिले. शरणागतीच्या अटींत त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली होती. त्यांचा सांभाळ पुष्कळ अंशी एतद्देशीय पाळकांनी केला. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांचा बाप्तिस्मा दबावाखाली झाला असेल. परंतु १७३९ नंतर त्यांच्यावर कोणाची जबरी नव्हती, आणि तरीही त्यांनी विश्वास सोडिला नाही. त्यांचे वंशज आजही मराठीच्या आपापल्या बोली बोलतात. त्याच वसईतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ह्याच्या उलट उदाहरण सिलोन बेटाचे आहे, आणि ते आम्हां प्रॉटेस्टंटांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. ‘ती जबरी रोमन पंथाची, आमची नव्हे’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आपल्यांपैकी कित्येकांस होतो. परंतु १६५८ पर्यंत डच लोकांनी पोर्तुगीजांस सिलोनातून हुसकून दिले, आणि ते डच आपल्यासारखे प्रॉटेस्टंट होते. त्यांनी रोमन पंथाच्या उपासनेस बंदी केली, व सरकारी हुद्द्यासाठी बाप्तिस्म्याची अट घातली. वहीत नावे भरभर वाढली. पुढे १७९६ मध्ये इंग्रज आले, ती अट सैल झाली, आणि ती नावे तितक्याच भरभर गळून पडली. नोकरीसाठी आलेला विश्वास नोकरीबरोबर गेला.

७. बोध

तर त्या प्रश्नास उत्तर काय द्यावे? आमच्या मते ते असे असावे: ‘होय, काही ठिकाणी राजाने धर्माच्या नावाने तलवार चालविली. ते पाप होते, व आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु तलवारीच्या आधीही ह्या देशात ख्रिस्ती होते, आणि तलवार गेल्यावरही राहिले.’ ह्याहून अधिक वाद घालण्याची गरज नाही. ज्यांची देवळे पडली त्यांच्या वंशजांचे दुःख खरे आहे. ते हसण्यावारी नेऊ नये.

आमच्या मराठी मिशनांचा इतिहास अगदी निर्मळ आहे, असेही म्हणू नये. अमेरिकन मिशनचे हॉल व नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले तेव्हा कंपनी सरकारने त्यांस निघून जाण्याचा हुकूम दिला होता, ही गोष्ट खरी. परंतु पुढे इंग्रजी राज्याच्या सोयींचा लाभ मिशनांस मिळाला, हीही खरी.

आज आपल्या हाती तलवार नाही. आपला हा जिल्हा तर कधी पोर्तुगीजांच्या अमलाखाली नव्हता. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. तथापि जबरीची बारीक रूपे खेड्यातही असतात. कर्ज फेडून देण्याचे आमिष, वसतिगृहातील जागेचा लोभ, आजाऱ्याच्या भीतीचा फायदा घेणे, घरातील दुबळ्या सुनेवर किंवा पोरक्या मुलावर दडपण आणणे, ही सर्व १५५९ च्या हुकुमाचीच धाकटी भावंडे होत. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकास विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते जसे आपले, तसेच आपल्या शेजाऱ्याचेही आहे. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक ज्यास आहे, त्याच्याच ‘होय’ला मोल आहे. मदत करावयाची तर ती सर्वांस करावी, आणि तिच्या बदल्यात काही मागू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. १५३४ चा तह बहादूरशहाने कोणाच्या भयाने केला? त्याचा परिणाम कोणास भोगावा लागला?
२. नाबोथाचा मळा व साष्टीची शेते ह्यांत साम्य कोणते?
३. फादर स्टीफन्सचे काम व १६८४ चा हुकूम ह्यांपैकी कोणते टिकले, व का?
४. गोन्सालो गार्सिया कोणाच्या लोभामुळे संशयास पात्र झाला?
५. वसईच्या मंडळ्या १७३९ नंतर टिकल्या, आणि सिलोनातील डचांच्या वहीतील नावे १७९६ नंतर गळली. दोहोंत भेद कशाचा?
६. आपल्या गावात ख्रिस्ताच्या नावाने कोणावर, नकळत का होईना, दडपण येत आहे काय? येत असल्यास ते कोण, केव्हा व कसे दूर करील, हे मंडळीने ह्याच बैठकीत ठरवावे.